संगणक-सोबती : कळ दाबण्यापूर्वी आणि दाबल्यानंतर



या सदराच्या निमित्ताने भेटणाऱ्या वाचकांकडून एक मागणी वारंवार येते. दुकानात किंवा घरी संगणकावर काम करताना दर खेपेस माऊसकडे हात न्यावा लागू नये, यासाठी कीबोर्डवरील उपयुक्त कळांची एक यादी द्यावी. मागणी रास्त आहे. गिऱ्हाईक, फोन आणि बिले एकाच वेळी सांभाळणाऱ्या व्यापाऱ्याला मिनिटामिनिटाची किंमत ठाऊक असते. परंतु अशा याद्या पुष्कळ मिळतात. त्यांत शंभर-दीडशे कळा असतात आणि वाचून झाल्यावर त्यांपैकी चारही स्मरणात राहत नाहीत. म्हणून आज मोजक्याच कळा देतो आणि त्यांचा क्रमही थोडा निराळा ठेवतो. नुकसान टाळणाऱ्या कळा आधी, वेळ वाचवणाऱ्या नंतर. या क्रमाचे कारण माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

पुसली गेलेली यादी

बँकेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षे मी आमच्या मंदिराचे हिशेब पाहत असे. पर्युषण पर्वात ज्या बोली होतात, त्यांची यादी एका वर्षी मी स्वतः संगणकावर उतरवली. नाव, बोलीचे निमित्त आणि रक्कम अशा ११४ नोंदी वर्डच्या एका फाईलमध्ये होत्या. बोलीच्या वेळी घाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या, यादी टंकित झाल्यावर, मी रद्दीत टाकल्या. आपले काम नीटनेटके असते याचा मला थोडा अभिमानच होता.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी टॅलीमध्ये जमेच्या पावत्या नोंदवत बसलो. टॅली वापरणाऱ्यांना ठाऊक आहे की, तेथे 'कंट्रोल + ए' दाबले की समोरची नोंद स्वीकारली जाते. पन्नास-साठ नोंदी झाल्या आणि बोटांना तीच सवय जडली. मग बोलींची यादी उघडली, राहून गेलेले एक नाव लिहिले, आणि बोटांनी आपणहून 'कंट्रोल + ए' आणि पाठोपाठ एंटर दाबले. वर्डमध्ये 'कंट्रोल + ए' चा अर्थ अगदी वेगळा आहे. तेथे त्या कळेने संपूर्ण मजकूर निवडला जातो, आणि निवडलेल्या मजकुरावर एंटर दाबले की तो सगळाच्या सगळा जाऊन त्याच्या जागी एक रिकामी ओळ येते. पडद्यावर कोरे पान उरले. मी गोंधळलो. फाईल बंद करून पुन्हा उघडली तर मजकूर परत येईल, असे वाटले. बंद करताना संगणकाने विचारले, बदल जतन करायचे का? 'जतन' हा शब्द पाहून मी होकार दिला. मी जतन केले ते कोरे पान.

पुढचे आठ दिवस मी फोन केले, घरोघरी आणि दुकानोदुकानी गेलो, आणि प्रत्येकाला विचारले, "आपली बोली किती रुपयांची होती?" कोणी रागावले नाही. प्रत्येकाने आपली रक्कम सांगितली, यादी पुन्हा उभी राहिली. एकानेही रक्कम कमी सांगितली असेल असे मला वाटत नाही. पण 'वाटत नाही' हे शब्द हिशेबात चालत नाहीत. वार्षिक सभेत मी उभे राहून सर्व हकीकत सांगितली आणि 'यादी तोंडी माहितीवरून पुन्हा तयार केली आहे' अशी टीप हिशेबाला जोडली. ती टीप माझ्या सहीनिशी आजही त्या वर्षाच्या दप्तरात आहे.

मनाला सर्वांत अधिक लागली ती गोष्ट मला नंतर कळली. ते कोरे पान समोर असतानाच मी केवळ 'कंट्रोल + झेड' दाबले असते, तर ११४ नावे एका क्षणात परत आली असती.

मागे फिरण्याची कळ

म्हणून पहिली कळ हीच. 'कंट्रोल + झेड' म्हणजे शेवटची कृती मागे घेणे. पुन्हा दाबले की त्याआधीची कृतीही मागे जाते; असे अनेक पायऱ्यांपर्यंत जाता येते. जास्त मागे गेलात, तर 'कंट्रोल + वाय' ने एक एक पाऊल पुढे येता येते. वर्ड, एक्सेल, ई-मेल अशा बहुतेक ठिकाणी ही कळ चालते. फाईलचे नाव चुकून बदलले किंवा फाईल भलत्याच फोल्डरमध्ये गेली, तरी लगेच दाबल्यास ती कृतीसुद्धा मागे घेता येते.

येथे एक बारकावा अवश्य ध्यानात ठेवावा. वर्ड किंवा एक्सेलची फाईल जतन केल्यानंतरही, ती उघडी आहे तोवर 'कंट्रोल + झेड' काम करते. फाईल बंद केली की मागे फिरण्याचा हा रस्ता बंद होतो. म्हणून पडद्यावर काही विपरीत दिसले तर तीन गोष्टी करू नयेत. घाईने काही टंकित करू नये, फाईल बंद करू नये, संगणक बंद करू नये. हात कीबोर्डवरून उचलावेत, एक श्वास घ्यावा आणि मग 'कंट्रोल + झेड' दाबावे.

दुसरा धडा असा की, एकच कळ निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे काम करते. आपल्या दुकानात टॅली आणि वर्ड दोन्ही उघडे असतात, आणि 'ऑल्ट + टॅब' दाबून आपण एकातून दुसऱ्यात जातो. ही कळ फार सोयीची आहे, पण तिने कार्यक्रम बदलला की आधी पडद्याकडे पाहावे आणि मगच बोटे चालवावीत.

जतन आणि कुलूप

जुन्या पेढीवर आणि बँकेच्या शाखेतही, नोंद झाली की ती शाईने पक्की होई. संगणकावर मात्र आपण लिहिलेले, जतन करेपर्यंत, तात्पुरतेच असते. वीज गेली की गेले. म्हणून 'कंट्रोल + एस' ही कळ दर पाच-दहा मिनिटांनी दाबण्याची सवय लावावी. गिऱ्हाईक आले, फोन वाजला, चहा आला, की आधी 'कंट्रोल + एस' आणि मग उठणे.

जुन्या फाईलवरून नवी तयार करताना वेगळीच काळजी घ्यावी लागते. गेल्या महिन्याचे दरपत्रक उघडून त्यातच नवे दर भरले आणि जतन केले, तर जुने दरपत्रक नाहीसे होते. अशा वेळी फाईल उघडल्याबरोबर 'एफ-१२' दाबावे. वर्ड आणि एक्सेलमध्ये या कळेने नव्या नावाने जतन करण्याची चौकट उघडते. आधी नवे नाव द्यावे, मग बदल करावेत. काही लॅपटॉपवर 'एफ-१२' बरोबर 'एफएन' ही कळही दाबावी लागते.

कुलपाची कळ म्हणजे 'विंडोज + एल'. विंडोज कळ म्हणजे खालच्या ओळीतील चार चौकोनांचे चिन्ह असलेली कळ. 'विंडोज + एल' दाबताच पडदा बंद होतो आणि पासवर्ड दिल्याशिवाय उघडत नाही. चालू असलेले काम जसेच्या तसे राहते. दुकानात गल्ल्याला कुलूप न लावता कोणी जेवायला जात नाही, पण नेट-बँकिंग उघडे ठेवून गोदामात जाणारे अनेक जण मी पाहिले आहेत. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत. त्यात कोणावर अविश्वास नसे. उद्या काही कमी-जास्त झाले, तर निर्दोष माणसावर संशय येऊ नये हा त्यामागचा विचार होता. आपल्या दुकानातील सेवकवर्गाच्या दृष्टीनेही पडद्याला कुलूप असणे हिताचे आहे.

खाते क्रमांक हाताने टंकित करू नये

बँकेत असताना चुकीच्या खात्यात गेलेल्या रकमांचे जे अर्ज टेबलावर येत, त्यांत एक अंक इकडचा तिकडे झालेला अनेकदा आढळे. नेफ्ट आणि आरटीजीएसमध्ये रक्कम जमा होते ती खाते क्रमांकाच्या आधारे. आपण लिहिलेले नाव जुळते की नाही, यावर ते जमा होणे अवलंबून नसते. म्हणून खाते क्रमांक 'कंट्रोल + सी' ने उचलावा, 'कंट्रोल + व्ही' ने ठेवावा आणि ठेवल्यावर शेवटचे चार अंक मूळ कागदाशी ताडून पाहावेत. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातील पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. तेथे इंग्रजी 'ओ' टंकित केल्यामुळे अनेकांचे व्यवहार अडतात. लाभार्थी खातेदाराचे नाव पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर दाखवण्याची सोय नेफ्ट व आरटीजीएससाठी बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. ती सोय वापरण्याचा कंटाळा करू नये. तसेच, नेहमीच्या व्यापाऱ्याकडून 'आमचे खाते बदलले आहे' असा ई-मेल आला, तर त्या ई-मेलमधील क्रमांकावर फोन न करता, आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर फोन करून खात्री करावी.

उचलण्या-ठेवण्याविषयी आणखी एक सोय आहे. 'कंट्रोल + सी' ने दुसरी गोष्ट उचलली की पहिली विसरली जाते, ही सर्वांची तक्रार. विंडोज १० आणि ११ मध्ये 'विंडोज + व्ही' दाबल्यास शेवटच्या २५ पर्यंत उचललेल्या गोष्टींची यादी दिसते आणि हवी ती निवडता येते. पहिल्या वेळी ही सोय सुरू करण्याविषयी विचारणा होते. मात्र उचललेला पासवर्डही या यादीत राहू शकतो. म्हणून अनेक जण वापरतात अशा संगणकावर ती सुरू न करणेच बरे.

पडद्यावरील पावतीचे किंवा चुकीच्या संदेशाचे चित्र हवे असल्यास 'विंडोज + शिफ्ट + एस' दाबावे. पडदा अंधुक होतो, माऊसने हवा तेवढाच भाग आखावा, आणि व्हॉट्सॲप वेबवर किंवा ई-मेलमध्ये 'कंट्रोल + व्ही' ने ठेवावा. मोबाईलने पडद्याचा तिरपा फोटो काढून पाठवण्याची गरज उरत नाही. शिवाय खात्यातील शिल्लक वगळून केवळ पावतीपुरता भाग पाठवता येतो.

एक्सेल : सोयी आणि सापळे

उधारीची यादी, मालाचा साठा, भाड्याचा तपशील यांसाठी बहुतेक पेढ्यांवर एक्सेल वापरले जाते. तेथील चार कळा पुरेशा आहेत.

'कंट्रोल + अर्धविराम' दाबले की आजची तारीख उमटते आणि ती कायम राहते. काही जण यासाठी 'टुडे' हे सूत्र वापरतात. पण ते सूत्र रोज नवी तारीख दाखवते. आजचे बिल महिन्याने उघडले तर त्यावर महिन्यानंतरची तारीख दिसेल. बिलावर म्हणूनच हे सूत्र कधीही वापरू नये.

आकड्यांच्या स्तंभाखाली उभे राहून 'ऑल्ट + बरोबरचे चिन्ह' दाबले की बेरजेचे सूत्र तयार होते. मध्ये एखादी चौकट रिकामी असेल तर बेरीज तेथेच थांबू शकते. म्हणून एंटर दाबण्यापूर्वी सूत्राची चौकट वरपर्यंत पोहोचली आहे ना, हे पाहावे. बेरीज पडताळायची असेल तर आकडे माऊसने निवडावेत. खालच्या पट्टीवर त्यांची बेरीज दिसते.

लांब यादीत 'कंट्रोल + खालचा बाण' दाबल्यास सलग नोंदींच्या शेवटी पोहोचता येते, आणि 'कंट्रोल + एफ' ने नाव शोधता येते. नाव शोधताना पूर्ण नाव लिहू नये. एकाच आडनावाचे स्पेलिंग कोणी कसे, कोणी कसे लिहिलेले असते, म्हणून तीन-चार अक्षरे पुरतात.

आता सापळे. एक्सेल कोणतीही संख्या १५ अंकांपर्यंतच अचूक ठेवते. १६ अंकी खाते क्रमांक लिहिला, तर त्याचा शेवटचा अंक शून्य होतो, आणि एक्सेल त्याविषयी अवाक्षरही काढत नाही. तसेच ज्या क्रमांकाच्या प्रारंभी शून्य असते, ते शून्य गळून पडते. उपाय सोपा आहे. क्रमांक लिहिण्यापूर्वी वरचे एकेरी अवतरणचिन्ह टंकित करावे, म्हणजे एक्सेल त्याला संख्या न मानता मजकूर मानते आणि जसेच्या तसे ठेवते. खाते क्रमांकावर बेरीज-वजाबाकी करायची नसते, त्यामुळे काही बिघडत नाही. ज्यांनी पूर्वीच अशा याद्या केल्या असतील, त्यांनी आज रात्री एकदा त्या उघडून शेवटचा अंक मूळ धनादेशाशी ताडून पाहावा. एकदा शून्य झालेला अंक नंतर अवतरणचिन्ह लावून परत येत नाही.

दुसरा सापळा तारखेचा. संगणकाचा प्रदेश अमेरिका असा निवडलेला असेल, तर ०४-०५ ही आपली ४ मे त्याला ५ एप्रिल वाटते. सेटिंग्जमध्ये प्रदेश भारत असा निवडावा. त्यामुळे तारखेचा क्रम सुधारतो आणि लाख-कोटींचे स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने पडतात.

टॅली : रद्द करणे आणि पुसणे

टॅलीप्राईममध्ये 'एफ-५' देयकासाठी, 'एफ-६' जमेसाठी, 'एफ-८' विक्रीसाठी आणि 'एफ-९' खरेदीसाठी आहे, हे दुकानातील मुलांनाही पाठ असते. 'एफ-४' रोख-बँक उलाढालीसाठी आणि 'एफ-७' जर्नलसाठी. नोंद करता करता नवे खाते उघडायचे असल्यास 'ऑल्ट + सी'. हा भाग सर्वांना येतो.

मला लक्ष वेधायचे आहे ते 'ऑल्ट + एक्स' आणि 'ऑल्ट + डी' या दोन कळांकडे. बिल चुकले तर अनेक जण 'ऑल्ट + डी' दाबून ते पुसून टाकतात. त्यामुळे बिलांच्या क्रमांकांची साखळी विस्कळीत होते. 'ऑल्ट + एक्स' ने बिल रद्द होते, पण त्याचा क्रमांक दप्तरात राहतो. जीएसटीआर-१ मध्ये तक्ता १३ आहे. त्यात किती बिले काढली आणि किती रद्द केली, हे वेगवेगळे दाखवावे लागते. बिल पुसले तर त्याचे उत्तर आपल्याजवळ नसते, रद्द केले तर असते.

आपल्या वाडवडिलांच्या वहीत हेच होते. किर्दीत चूक झाली तर ती खरवडत नसत. तिच्यावर एक सरळ रेघ मारत, खालचा आकडा वाचता येई असा ठेवत, आणि शेजारी योग्य आकडा लिहीत. बँकेच्या लेजरमध्येही तोच नियम होता, शिवाय खाडाखोडीवर अधिकाऱ्याची सही लागे. खोडलेली चूक दिसत राहिली पाहिजे, यातच त्या वहीची पत होती.

उचलणे आणि ठेवणे

आपल्या शास्त्रात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांतील एक आदान-निक्षेपण समिती. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, जपून, दक्षतेने वागावे, असा मुनिमहाराजांच्या आचाराचा तो भाग आहे. सूक्ष्म जीवांची विराधना होऊ नये, हा त्याचा हेतू. इतक्या उंच तत्त्वाशी संगणकाची बरोबरी करण्याचे धाडस मी करणार नाही. पण ज्या घरात हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो, त्या घरातील संगणकावर 'नवी फाईल', 'नवी फाईल १', 'अंतिम', 'खरोखर अंतिम' अशी नावे पसरलेली पाहिली की मन खट्टू होते, एवढे मात्र सांगतो.

फाईलच्या नावाच्या प्रारंभी तारीख लिहावी, आणि ती वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. उदाहरणार्थ, '२०२५-११-०५ उधारी यादी'. अशी नावे आपोआप कालक्रमाने लागतात. तिरकी रेघ फाईलच्या नावात चालत नाही, म्हणून आडवी रेघ वापरावी. नाव बदलण्यासाठी फाईल निवडून 'एफ-२' दाबावे. नवे फोल्डर हवे असल्यास 'कंट्रोल + शिफ्ट + एन', आणि फाईलींचे कपाट उघडण्यासाठी 'विंडोज + ई'.

डिलीट कळेने काढलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जाते आणि तेथून परत आणता येते. 'शिफ्ट + डिलीट' ने काढलेली फाईल तेथे जात नाही. पेन ड्राइव्हवरून काढलेली फाईलही सर्वसाधारणपणे रिसायकल बिनमध्ये जात नाही. पेन ड्राइव्हवर डिलीट दाबताना ही गोष्ट आठवावी.

ज्येष्ठांसाठी आणि मराठीसाठी

डोळ्यांना अक्षरे बारीक दिसत असतील तर 'कंट्रोल' दाबून अधिक चिन्ह दाबावे. संकेतस्थळावरील अक्षरे मोठी होतात, आणि 'कंट्रोल + शून्य' ने पूर्ववत होतात. सगळाच पडदा मोठा हवा असेल तर 'विंडोज + अधिक चिन्ह' ने भिंग सुरू होते आणि 'विंडोज + एस्केप' ने बंद होते. संकेतस्थळ वाचताना चुकून एखादे पान बंद झाले, तर 'कंट्रोल + शिफ्ट + टी' ने ते परत उघडते.

मराठी लिहिण्यासाठी सेटिंग्जमध्ये भाषा म्हणून मराठी जोडावी. विंडोज १० च्या २०१९ मधील आवृत्तीपासून मराठी फोनेटिक कीबोर्डही त्यात आहे. इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे लिहिले की देवनागरी उमटते. इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाण्यासाठी 'विंडोज + स्पेस'. हे अक्षर युनिकोड असते, त्यामुळे ते कोणत्याही संगणकावर आणि मोबाईलवर तसेच दिसते. घरातील आजी-आजोबांकडे जुन्या स्तवनांच्या, वंशावळींच्या, तीर्थयात्रेच्या नोंदींच्या वह्या असतात. नातवंडांनी सुट्टीत रोज एक पान युनिकोडमध्ये उतरवले, तर ते वाचलेल्या वेळेचे मोल ठरेल.

दुसरी प्रत

या सर्व कळा येत असूनही एक दिवस संगणकाची डिस्क बंद पडणारच आहे. वहीला वाळवी लागते, तसे हे आहे. म्हणून महत्त्वाच्या हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुकानाबाहेर असावी. एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक घरी किंवा ऑनलाइन साठ्यात. हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेली ठेवू नये. प्रत घेतली की काढून कपाटात ठेवावी. संगणकात विषाणू शिरला तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते. आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. बहुतेक संगणक इतकी वर्षे टिकत नाहीत. दप्तर संगणकाहून दीर्घायुषी असले पाहिजे, याचा अर्थ ते एका संगणकात राहून चालणार नाही. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे, त्यांनी हेही लक्षात घ्यावे की मायक्रोसॉफ्टचे त्याला असलेले नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. नवा संगणक घेण्याचा विचार असेल, तर आधी जुन्यातील प्रत घ्यावी आणि मग दुकानदाराला बोलवावे.

दीपावलीला आपण वहीपूजन करतो. आता अनेक पेढ्यांवर वहीशेजारी संगणकालाही कुंकू लागते. ज्या दिवशी पूजन, त्या दिवशी एक पूर्ण प्रत घेऊन तिच्यावर तारीख घालून ठेवावी, असा नियम आमच्या घरी त्या यादीच्या प्रसंगानंतर सुरू झाला आहे.

संगणकाशेजारी चिकटवण्याची चिठ्ठी

पुढील दहा ओळी कागदावर हाताने लिहून पडद्याशेजारी लावाव्यात. रोज एकच कळ वापरून पाहावी. दहा दिवसांनी चिठ्ठीची गरज उरणार नाही.

१. कंट्रोल + झेड : मागे फिरणे. गोंधळ झाला की प्रथम हीच.
२. कंट्रोल + एस : जतन. उठण्यापूर्वी दर वेळी.
३. एफ-१२ : नव्या नावाने जतन. जुनी फाईल वापरताना आधी हे.
४. विंडोज + एल : पडद्याला कुलूप.
५. ऑल्ट + टॅब : एका कामातून दुसऱ्या कामात. आधी पडदा पाहावा.
६. कंट्रोल + एफ : शोध.
७. विंडोज + शिफ्ट + एस : पडद्याच्या हव्या त्या भागाचे चित्र.
८. कंट्रोल + अर्धविराम : एक्सेलमध्ये आजची तारीख.
९. ऑल्ट + एक्स : टॅलीत नोंद रद्द. पुसणे टाळावे.
१०. विंडोज + स्पेस : मराठी आणि इंग्रजी.

कळांनी वेळ वाचतो हे खरेच. दिवसाकाठी दहा-पंधरा मिनिटे सहज वाचतात. त्यांतील दोन मिनिटे दुकान बंद करताना दुसरी प्रत घेण्यासाठी ठेवावीत. घरोघरी फिरून लोकांना त्यांच्या बोलीची रक्कम विचारण्याची वेळ माझ्यावर आली, ती कोणावरही येऊ नये.

आपल्या संगणकावर अडलेले काम, तसेच स्वतःच्या अनुभवातून सापडलेली एखादी कळ अवश्य कळवावी. पुढील अंकी, बँकेचे खातेपत्रक एक्सेलमध्ये उतरवून घेऊन महिन्याचा ताळमेळ घरच्या घरी कसा घालावा, हे पाहू.

जय जिनेंद्र.